ॲक्सल आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर वर नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्याकडे जिप्सी आहे. जुलैत हेमलकसाला जाऊन आलात, आलापल्लीच्या पुढे दोन-तीन नाल्यांत गाडी घालावी लागली आणि घरी आल्यावर मागच्या ॲक्सलचं तेल दूध घातलेल्या चहासारखं निघालं. आता पुढच्या पावसाळ्याआधी दोन्ही ॲक्सल आणि ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) यांच्या ब्रीदरला, म्हणजे आतली हवा आत-बाहेर करणाऱ्या छोट्या तोंडाला, पाइप लावून वर न्यायचेत. पाइप कोणता घ्यायचा, किती उंच न्यायचा आणि सगळे एकाच टीला (तीन तोंडांच्या जोडाला) जोडले तर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

नागपूरजवळ वाडीला अमरावती रोडवर माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं जिप्सी, थार, गुरखा आणि जुन्या जीपचं काम करतोय, आणि हे ब्रीदरचं काम दर वर्षी मे-जूनमध्ये येतंच. त्यामुळे पाइपाचं सगळं सांगतो. पण भाऊ, तुमची खरी अडचण पाइपाच्या लांबीत नाही. गरम ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की तो जोरात श्वास आत ओढतो. तो श्वास त्याला कुठून मिळतो, एवढाच सगळा प्रश्न आहे. हे नीट डोक्यात बसलं की पाइप कसा न्यायचा ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

नागपूरहून निघून उमरेड, नागभीड, गडचिरोली करत गाडी पाच-सहा तास पळते. ॲक्सलमधले क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना ताकद पोचवणारे गिअर, तेल घुसळतात, बेअरिंगं तापतात. थांबून डिफरन्शियलच्या गोळ्यावर, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या फुगीर भागावर, हात ठेवला आणि दोन सेकंदांत काढून घ्यावा लागला, तर समजा साठच्या वर गेलंय. समजा आतली हवा सत्तर अंशांवर आहे आणि नाल्याच्या पाण्याने ती तीसवर आली. हाउसिंगमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या बंद कवचात, तीन लिटर हवा धरली तर ती आकसून साधारण साडेतीनशे मिली कमी होते. म्हणजे पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांत ॲक्सलला बाहेरून साडेतीनशे मिली काहीतरी आत घ्यायचं असतं. ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असेल तर ते पाणीच असणार. आणि ब्रीदर बंद असेल तर आतला दाब बारा टक्क्यांच्या आसपास उतरतो. ही ओढ म्हणजे जवळजवळ सव्वा मीटर पाणी वर खेचण्याइतकी. वर नाल्याच्या पाण्याचा स्वतःचा दाब बाहेरून ढकलत असतोच. ऑइल सीलची लिप, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याची कड, आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेली असते, बाहेरचं पाणी रोखणं हे तिचं मुख्य काम नाही. ती हार मानते.

म्हणून बंद पडलेला ब्रीदर आणि बुडलेला ब्रीदर, दोन्हींचा शेवट एकच: दुधाळ तेल.

आपल्या भागात बंद पडणाऱ्यांची संख्या जास्त. काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. उमरेडकडचे एक शेतकरी जिप्सी घेऊन आले होते. मागच्या डाव्या चाकाचं ऑइल सील दुसरीकडे दोनदा बदलून झालं होतं, तरी तेल ब्रेक शूवर येतच होतं. गाडी तशीच गरम होती. मी खाली सरकून ब्रीदरच्या टोपीभोवतीची माती पिनेने उकरली. टोपी हलली तशी आतून 'फुस्स' करत हवा सुटली आणि सोबत तेलाचे बारीक थेंब माझ्या मनगटावर आले. सील कधी खराब नव्हतंच. हवेला वाट नव्हती, म्हणून दाब सीलमधून तेल ढकलत होता. त्या गाडीला तिसरं सील लागलं ते फक्त दोनदा उघडल्यामुळे.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात. अनेक गाड्यांच्या मूळ ब्रीदरवर सैल टोपी किंवा स्प्रिंगची छोटी झडप असते. आतला दाब वाढला की ती उघडते, आत ओढ लागली की बसते. रस्त्यावर धूळ आणि शिंतोडे रोखायला ती चांगली. पण तुम्ही ती झडप तशीच ठेवून तिच्यावर पाइप चढवला, तर पाइप बॉनेटपर्यंत नेऊनही ॲक्सलला श्वास घेता येणार नाही. पुन्हा तीच ओढ, पुन्हा सीलमधून पाणी. पाइप लावायचा तर खालची झडप काढून तिच्या जागी साधा आरपार निपल (पाइप चढवायची छोटी पोकळ तोटी) बसवायचा. माझ्याकडे दुसऱ्यांनी पाइप लावून दिलेल्या आणि तरीही तेल दुधाळ झालेल्या गाड्या येतात, त्यांत मी सगळ्यात आधी हेच बघतो.

पटत नसेल तर एक प्रयोग करा, मी शिकाऊ पोरांना करून दाखवतो. गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालवून आणा. पाइपाच्या वरच्या टोकाला पातळ पॉलिथिनची पिशवी अर्धी फुगवून रबराने घट्ट बांधा. मग खाली डिफरन्शियलच्या गोळ्यावर नळीने पाणी सोडा. चार-पाच मिनिटांत पिशवी सुकलेल्या टोमॅटोसारखी आत खेचली जाते. पिशवी हललीच नाही, तर वाटेत काहीतरी बंद आहे.

कामाला हात घालण्याआधी तेलाचं बघा. पाणी आत ठेवून पाइप लावला तर काहीच साधलं नाही. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी हलवायच्या आधी मागचा ड्रेन प्लग हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, सुटं पाणी असेल तर ते आधी येतं. ते पारदर्शक बाटलीत धरा. तेल नुसतं मळकट दिसतंय आणि शंका आहे, तर लोखंडी तवा चांगला तापवून त्यावर एक थेंब टाका. पाणी असेल तर थेंब तडतडतो, नसेल तर गुपचूप पसरतो. हे घरातल्या पोळ्यांच्या तव्यावर करू नका आणि डोळे लांब ठेवा. पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस यांचंही याच पद्धतीने बघा. एकाचं खराब झालं की बाकीचं ठीक असेल असं धरून चालू नका.

दुधाळ निघालं तर एकदा तेल बदलून भागत नाही. हाउसिंगच्या नळ्यांमध्ये आणि बेअरिंगांत पाणी अडकून राहतं. मी नवं तेल भरतो, गाडी वीस-तीस किलोमीटर फिरवतो, गरम असतानाच ते काढतो आणि मग शेवटचं तेल भरतो. रॉकेलने धुऊन तसंच सोडून देणारे आहेत, ते करू नका. रॉकेल आत राहिलं की नवं तेल पातळ होतं. तेलाचा ग्रेड मॅन्युअलमध्ये दिला असेल तोच. विशेषतः ट्रान्सफर केसला, कारण काही गाड्यांत तिथे गिअर ऑइल असतं आणि काहींत एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल.

यात दिरंगाई नको. दोन महिने तशीच उभी राहिलेली एक गाडी मी उघडली होती. क्राउनच्या दातांवर अर्ध्या उंचीला गंजाची सरळ रेघ होती, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. खालचे दात तपकिरी, वरचे चकचकीत. मालकाची तक्रार एवढीच होती की साठच्या वेगाला मागून 'घूं' आवाज येतो. त्याला क्राउन-पिनियन आणि सगळी बेअरिंगं नवी पडली. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतरही असंच झालं. लोकांनी इंजिन बघितलं, सीट वाळवल्या, वायरिंग तपासलं, पण खालचं गिअर ऑइल कोणी उघडून बघितलं नाही. त्या गाड्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकेक करून आवाज घेऊन येत होत्या.

आता पाइप. तुमची गाडी समोर नाही, म्हणून काही गोष्टी गाडीनुसार बदलतील हे आधीच सांगतो. ब्रीदरचे आटे सगळ्यांत सारखे नसतात, काहींत ब्रीदर आट्यांचा नसून ठोकून बसवलेला असतो. तुमचा जुना ब्रीदर काढा, तोच खिशात घालून दुकानात जा आणि त्याच्या आट्यांचा निपल मागा. इतवारीतल्या हार्डवेअरच्या ओळीत किंवा हिंगणा एमआयडीसीकडच्या न्यूमॅटिकच्या दुकानांत मिळून जातो. काढण्याआधी त्या जागेची माती ब्रशने आणि डिझेलने स्वच्छ धुवा, नाहीतर तीच माती भोकातून आत पडेल. ठोकलेला ब्रीदर असेल तर तो ओढून काढून भोकाला आटे पाडावे लागतात. टॅपवर, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारावर, भरपूर ग्रीस लावा म्हणजे कीस त्याला चिकटेल, अर्धा फेरा झाला की टॅप बाहेर काढून पुसा. हे काम तेल बदलायच्या आधी करा, म्हणजे चुकून पडलेला कीस जुन्या तेलाबरोबर निघून जाईल. हाउसिंगवर वेल्डिंग मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नका. नळी वाकली की ॲक्सल शाफ्ट आणि सील कायमचे त्रास देतात.

पाइप आठ मिलीमीटर आतल्या व्यासाचा, तेल-पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा, म्हणजे फ्युएल होज. सुरुवातीच्या काळात मी स्वस्त म्हणून पारदर्शक लेव्हल पाइप वापरला. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, इंजिनची गरमी त्यात मिळाली आणि पाइप वळणावर मऊ होऊन चपटा झाला. पुढच्या थंडीत तोच कडक होऊन निपलपाशी चिरला. त्या सगळ्या गाड्या बोलावून मी पाइप बदलून दिले. सिलिकॉनचा पाइप रंगीत आणि छान दिसतो, पण तेलाच्या वाफेने फुगतो आणि क्लॅम्पखाली फाटतो. चेसिसच्या बाजूने जिथे हालचाल नाही तिथे आठ मिलीमीटरची कडक नायलॉन नळी चालते, नीटनेटकी बसते. पण ॲक्सलपासून चेसिसपर्यंतचा हलणारा भाग रबराचाच हवा.

तो हलणारा भाग किती सैल ठेवायचा, याला एक सोपी खूण आहे. कंपनीने ब्रेकची लवचिक नळी ॲक्सलवरून चेसिसवर जिथे आणलीय, तिथूनच तुमचा पाइप वर न्या. ॲक्सल पूर्ण वर-खाली होताना ताण येणार नाही, हे हिशोब करून ती जागा ठरवलेली असते. पण ब्रेकच्या नळीलाच झिप टायने बांधू नका, दोन्ही एकमेकांवर घासतात. पाइप लावून झाल्यावर चेसिसखाली जॅक स्टँड लावा, चाकं हवेत लटकू द्या आणि बघा पाइप ताणला जातो का. मग एका बाजूचं चाक दाबून वर घ्या आणि बघा पाइप शॉकअपच्या किंवा शाफ्टच्या मध्ये येतो का. सायलेन्सरच्या पाइपापासून वीतभर लांब राहा. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मागे लटकलेली असते, तिच्या दोन्ही बाजूंना फिरणारे शाफ्ट आहेत. तिथे पाइप सुटून खाली आला तर एका फेऱ्यात गुंडाळला जाईल, म्हणून दर वीतभर अंतरावर क्लिप मारा.

आणि चढ. खालच्या निपलपासून वरच्या टोकापर्यंत पाइप सतत चढता हवा. मध्ये कुठे झोका राहिला की त्यात तेलाची वाफ थंड होऊन थेंब साचतात, धूळ मिळते आणि बेसिनखालच्या वाकड्या पाइपासारखा सापळा तयार होतो. टोक कितीही उंच असलं तरी मग उपयोग नाही. मागच्या ॲक्सलच्या पाइपात ही चूक हमखास होते, कारण तो चेसिसच्या कडेने आडवा पुढे आणावा लागतो. थोडा तरी चढ राहील अशा उंचीवरून न्या, अगदी सपाट भाग आला तर चालेल, पण खोलगट नको. काही जण मागचा पाइप टेल लॅम्पच्या मागच्या पोकळीत संपवतात. बंद बॉडीच्या गाडीत ठीक आहे. तुमची सॉफ्ट टॉप असेल तर पुढे फायरवॉलपर्यंतच (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत) आणा. नाल्यात गाडी मागून जास्त बसते, चढ चढताना तर मागचा भागच सगळ्यात खाली असतो.

सगळे एका टीला जोडायचे का? चालतं, अनेक जण जोडतात. मी जोडत नाही. पुढच्या ॲक्सलचा एक, मागच्याचा एक, आणि गिअरबॉक्स-ट्रान्सफर केस मिळून एक, असे तीन पाइप वर आणतो आणि एका पट्टीवर शेजारी शेजारी बांधतो. याचं पहिलं कारण म्हणजे एकच तोंड बंद झालं तर चौघांचा श्वास एकदम कोंडतो. दुसरं असं की तीव्र चढावर एखाद्यातून तेल पाइपात वर आलं तर ते टीमधून दुसऱ्यात उतरू शकतं, आणि एकात एटीएफ, दुसऱ्यात गिअर ऑइल असेल तर तो घोळ नको. तिसरं कारण माझ्या रोजच्या कामातलं आहे. पाइप वेगळे असले की कोणत्या टोकाशी तेलाचा डाग आहे त्यावरून तेल जास्त भरलंय का, कुठे बेअरिंग तापतंय का, हे बॉनेट उघडताच कळतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची तेलं वेगळी असतील तर मी तेही वेगळेच ठेवतो, पाइप चार होतात एवढंच.

वरचं टोक खाली वळवून यू आकारात ठेवा आणि त्यावर न्यूमॅटिकमध्ये मिळणारा छोटा पितळी सायलेन्सर बसवा, दाणेदार पितळेचा असतो तो. कागदी पेट्रोल फिल्टर लावणारे आहेत, पण तेलाच्या वाफेने तो कागद चिकट होऊन बंद होतो. उघडं टोक तर अजिबात सोडू नका. पावसाळा संपला की कुंभारीण माशी असलीच भोकं शोधत असते. एका थारच्या उघड्या पाइपात तिने बोटभर मातीचं घर बांधलं होतं, आत अळीसुद्धा होती.

सगळं जोडून झाल्यावर वरच्या टोकातून तोंडाने फुंका. हवा अडथळ्याशिवाय जायला हवी, आणि कोणी खाली जोडांवर साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे येता कामा नयेत. कंप्रेसरची हवा मात्र चुकूनही देऊ नका, एका झटक्यात सगळी सीलं उलटी होतील.

उंची किती? एअर फिल्टर जिथून हवा घेतो त्या तोंडाच्या बरोबरीने किंवा बोटभर वर. त्याच्यापेक्षा वर नेण्यात अर्थ नाही, कारण पाणी तिथवर आलं तर इंजिन आधीच गेलेलं असेल. कंपन्या स्वतः नव्या थारला ६५० मिलीमीटर आणि गुरखाला ७०० मिलीमीटर पाण्याची मर्यादा सांगतात, तीसुद्धा सावकाश आणि तळ माहीत असलेल्या पाण्यासाठी. तुमच्या जिप्सीने त्या आकड्यांशी बरोबरी करू नये. आणि वाहत्या पाण्याचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर आला की पुलाच्या अलीकडे थांबायचं, पाइप कितीही उंच असो. तिथले लोक थांबतात, आपणही थांबावं.

पाइपाने काय वाचणार नाही, तेही ऐकून ठेवा. जिप्सीच्या पुढच्या नकलमधलं (पुढचं चाक वळतं त्या सांध्यामधलं) ग्रीस पाणी खातंच, तिथली फेल्ट आणि रबराची सीलं झिजली असतील तर नक्कीच. चाकांच्या हबचंही तसंच. क्लचच्या बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) पाणी शिरतं ते वेगळ्या वाटेने. गिअर लिव्हरचे रबरी बूट फाटले असतील तर ट्रान्सफर केसमध्ये पाणी वरूनच उतरेल, ब्रीदर बिचारा काय करणार. हे सगळं आणि जुनी कडक झालेली ॲक्सल सीलं ब्रीदरच्या कामाबरोबरच बघून घ्या, गाडी उघडलेलीच असते.

नाल्यापाशी पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबत जा. चालत जाऊन तळ बघायला तेवढा वेळ लागतोच, आणि तेवढ्यात ॲक्सल थोडा थंडावतो. पंधरा अंश जरी उतरला तरी आत ओढली जाणारी हवा बरीच कमी होते. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तीनही प्लग सैल करून चमचाभर तेल काढून बघायचं. पहिल्या पावसाळ्यात तरी हे दर फेरीनंतर करा.

तुमच्या गाडीचं मागचं तेल जुलैपासून बदललं नसेल, तर या रविवारी आधी ते काढा. पहिलं निघालेलं बाटलीत ठेवा आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते पांढऱ्या कापडावर पुसून बघा. करड्या रंगाचा बारीक लेप असेल तर चिंता नाही. चमकणारे कण किंवा तपकिरी पापुद्रे दिसले, तर पाइपाचं सामान नंतर घ्या. आधी डिफरन्शियल उघडावं लागेल.